रिकामी चाळण

१

पोह्यांचं पोतं कितीही लांबून येऊ द्या, त्यात कोपरापर्यंत हात घालून मी सांगते की त्याने किती रस्ता खाल्लाय. तोंडाशी अख्खे, टपोरे पोहे. मध्ये तुकडा. तळाशी चुरा. रस्ता जितका खडबडीत आणि लांबचा, तितका तळाचा चुरा जास्त. गिऱ्हाईक वरचे पोहे बघून खूश होतं आणि घरी गेल्यावर दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतं. दुकानदार बिचारा काही करत नाही. हलणं करतं सगळं.

जिते स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर माझी पोह्यांची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं मी एकटी चालवते. भात भिजवणं, गरम रेतीत भाजणं, चाळणं, चेपणं, पुन्हा चाळणं. थोडक्यात, अर्ध्याहून जास्त काम चाळण्याचं. तेव्हा या विषयात मला कुणी शहाणपण शिकवू नये.

एकदा दुपारचं काम थांबलं होतं, तेव्हा मी भागीला हे शिकवत होते. भागी पलीकडच्या कातकरी वाडीतली. बावीस वर्षं माझ्याकडे पाखडायला होती. तिच्यासारखं सूप पेण तालुक्यात कुणी धरत नसेल. फट-फट-सर्र, फट-फट-सर्र, दिवसभर एक लय. ती लय थांबायची एकाच वेळी, खडा सापडला की. मग दोन बोटांनी खडा उचलायचा, न बघता मागे फेकायचा, आणि पुन्हा फट-फट-सर्र.

मी डब्यात पोहे आणि चुरा मिसळून हलवून दाखवला. "बघ, मोठं वर आलं."

"चढलं?" भागी म्हणाली.

"चढत नाही गो. मोठं काही करतच नाही. हलवलं की खाली फटी पडतात. बारीक असतं ते त्या फटींतून सरकतं. मोठ्याला मावेल एवढी फट पडत नाही, म्हणून ते आपोआप वर राहतं."

भागी डब्यात बघत राहिली. "मंग बारीक जातं कुठं?"

"तळाला."

"आन् तळाच्या खाली?"

"तळाच्या खाली काय असणार? जमीन."

"आन् मोठं म्हंजे किती मोठं, बाय?"

मी पोटावर थाप मारली. "माझ्याएवढं!" आम्ही दोघी पोटभर हसलो. पोती तोलायच्या काट्यावर आळीपाळीने उभ्या राहिलो. ती अडतीस किलो, मी ब्याण्णव. "तू गेलीस फटीतून," मी म्हटलं. आज ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

२

भागीची एक खोड होती. काम संपलं की चाळणीत मूठभर भात ठेवून जायची. सकाळी आली की त्या मुठीवरच चाळण हलवायला सुरुवात. रिकामी चाळण ती कधी हलवायची नाही. दुसऱ्या कुणाला हलवू द्यायची नाही.

"का गो?" मी पहिल्या वर्षीच विचारलं होतं.

"माजी आय ठेवायची."

"पण का?"

"मी इचारलं नाय."

संपलं. रिकामा पाळणा हलवू नये, रिकामं जातं ओढू नये असं आपल्याकडे म्हणतात, त्यातलंच हे एक असेल म्हणून मी सोडून दिलं. मूठभर भाताने माझं काय जाणार होतं?

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर जुहेब मशीन घेऊन आला. जुहेब म्हणजे रोह्याच्या महमूदभाईंचा मुलगा. महमूदभाई तीस वर्षं माझे पोहे घेतात. जुहेब सहा वर्षं आखातात खडी चाळायच्या कारखान्यात होता. परत आल्यावर त्याने हे थरथरणाऱ्या चाळण्यांचं काम सुरू केलं. तीन जाळ्या एकाखाली एक, तळाशी पत्र्याचा ट्रे, बाजूला मोटर. शहाबादी फरशीला भोकं पाडून त्याने ते पक्कं बसवलं. बटण दाबलं आणि सहा बायकांचं दिवसाचं काम तासाभरात झालं.

पाच जणींना मी दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सांगताना वाईट वाटलं, पण सांगितलं. भागीला ठेवली. मशीनला खडा कळत नाही, भागीच्या बोटांना कळतो.

"काकी, एक ध्यानात ठेव," जुहेब जाताना म्हणाला. "रोज काम झालं का धा मिनिटं खाली चालवायचं. रिकामं. नायतर जाळी चोंदते."

भागी तिथेच उभी होती. "रिकामी नको चालवू, बाय."

"अगो, मशीन आहे ते."

"चाळणच ना?"

वरच्या जाळीत तिने तिची मूठ ठेवलेली होतीच. मी ती गोळा केली, दारातून कोंबड्यांना टाकली आणि बटण दाबलं. मशीनवाल्याचं ऐकायचं की वाडीवरच्या बाईचं, हा काही मोठा प्रश्न नव्हता. निदान मला तेव्हा वाटला नाही.

रिकाम्या जाळीचा आवाज मला पाठ आहे. कोरडा, खणखणीत, पत्र्याच्या छपरासारखा. त्या दिवशी तो तसा आला नाही. सळसळ आली. भरल्या जाळीची, जड सळसळ. मी वाकून तिन्ही जाळ्या बघितल्या. आरपार खालचा ट्रे दिसत होता. त्यात काही नव्हतं.

नवं मशीन आहे, नट सैल असतील, असं मी म्हटलं आणि दहा मिनिटं पूर्ण होऊ दिली.

३

पहिल्यांदा टाचण्या गेल्या. त्यांचा विचार कोण करतो! मग पोती शिवायचे दाभण गेले. मग खिळे. फळीवर खिळ्यांची डबी होती, ती तशीच होती, झाकण लावलेली, आत काही नाही. मशीनच्या हादऱ्याने वस्तू सरकतात, पडतात, फटीत जातात. मी झाडू घेऊन फरशी कोपऱ्यापर्यंत झाडली. फरशीला फट नव्हती. सांधे मीच सिमेंटने भरून घेतले होते, मुंग्यांसाठी.

चौथ्या दिवशी कपाटाची किल्ली. मग चहाचे दोन पेले. मग काट्याचं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन.

"उंदीर," मी म्हटलं.

"उंदीर लोकंड खातो?" भागी म्हणाली.

"ओढून नेतो."

 आता भागी पाखडायला दारातच बसू लागली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर.

मग कोंबडीची पिल्लं गेली. मुंगूस, दुसरं काय! मग कोंबड्या. मुंगूस मोठा असेल. मग दुपारी पोत्यांवर झोपणारं मांजर दिसेनासं झालं. मांजराचं काय, ते आज इथे तर उद्या हमरापूरला. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर बरोबर वाटत होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे. मी घाबरट बाई नाही. साप निघाला तर शेजारचे पुरुष मला हाक मारतात.

मग शेजारच्या शिल्पाचं करडू गेलं. ती माझ्या दारात येऊन तावातावाने भांडली, कारण करडू माझ्या गिरणीत शिरताना तिने स्वतः बघितलं होतं. मी तिला आत नेऊन चारी कोपरे दाखवले. दुसरं दार नाही, खिडकीला गज आहेत. शिल्पा माझ्याकडे बघत बघत गेली.

त्या संध्याकाळी मी कॅलेंडरच्या मागे सगळं लिहून काढलं. टाचण्या, दाभण, खिळे, किल्ली, पेले, वजन, पिल्लं, कोंबड्या, मांजर, करडू. चोर असता तर आधी वजन नेलं असतं, मग पेले. मुंगूस असता तर त्याने किल्लीला तोंड लावलं नसतं. मी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. चाळीस वर्षं मी हेच करत आले आहे, त्यामुळे मला ओळखायला वेळ लागला नाही.

हा क्रम आकाराचा होता. दर दोन-तीन दिवसांनी कुणीतरी जाळी बदलत होतं. आधीपेक्षा एक घर मोठी.

मी उठले आणि मशीनच्या तिन्ही जाळ्यांची भोकं करंगळीच्या नखाने मापली. होती तेवढीच होती. म्हणजे मी वाचते ती जाळी ही नव्हे, एवढं मला कळलं. बाकी काही कळलं नाही.

४

त्या दिवसापासून रिकामं चालवणं बंद. इतकंच नाही, मी स्वतः माझ्या हाताने मूठभर भात वरच्या जाळीत ठेवला. चांगली भरगच्च मूठ, भागीच्या मुठीच्या दुप्पट. मनात म्हटलं, घे, आता तरी झालं समाधान?

सकाळी मूठ नव्हती. जाळीत एक दाणा नव्हता, ट्रेमध्ये नव्हता. मोटरची तार मी रात्री काढून ठेवली होती आणि ती तशीच काढलेली होती.

भागी आली, तिने जाळी बघितली आणि दारातूनच म्हणाली, "बाय, आमी यंदा लवकर जातो. खांब गावच्या अंगाला इटभट्टी हाय. वाळू बोलून आला हाय." वाळू म्हणजे तिचा नवरा.

"भट्ट्या दिवाळीनंतर लागतात."

"आमी आधी जातो."

दिवाळीला आठ दिवस होते. चिवड्याचे पोहे म्हणजे माझं वर्ष. महमूदभाईंना रोह्याला चाळीस पोती द्यायची होती आणि त्या चाळीस पोत्यांतला खडा शोधणारी बोटं माझ्याकडे एकाच बाईची होती. पाच जणींना मीच घालवलं होतं, आता त्या कुठल्या तोंडाने परत बोलवू?

"दिवाळी होऊ दे, मग जा," मी म्हटलं. "चार दिवसांनी काय बिघडतं?"

"मला भ्या वाटतं."

"कशाचं?"

तिने पायाखाली बघितलं. "मी तुज्यासारखी नाय ना, बाय. मी बारीक."

तिने यादी बघितली नव्हती. तिला वाचता येत नव्हतं. तरी तिने अगदी तेच सांगितलं जे मी रात्रभर स्वतःला सांगायचं टाळत होते. आणि मी काय केलं? हसले. म्हटलं, "माणूस म्हणजे काय मोहरी आहे? मी बसलेय ना इथे सहा पावलांवर. माझ्यावर विश्वास नाही?"

बावीस वर्षांची सवय. ती आत आली आणि सूप घेऊन बसली.

५

दोन दिवस काहीच झालं नाही. माझी भीड चेपली. तिसऱ्या दिवशी सकाळचे अकरा वाजले होते. दारातून लख्ख ऊन येत होतं. मशीन भरलेलं चालू होतं आणि त्याचा आवाज भरल्या जाळीचाच होता. मी काट्यावर पोतं चढवत होते. मागे भागीचं फट-फट-सर्र.

ते थांबलं. खडा सापडला असेल म्हणून मी वळले नाही.

"बाय," भागी म्हणाली. अगदी हळू, कुणाची झोपमोड होऊ नये तसं. "पाय टेकंना माजं."

ती उभी होती. सूप दोन्ही हातांत आडवं धरलेलं, एक पोहा न सांडता. फरशी कोरडी होती, तिला तडा नव्हता. आणि भागीचे पाय नडगीच्या वरपर्यंत दिसत नव्हते. लावणीच्या वेळी बाई चिखलात उभी राहते तशी ती फरशीत उभी होती.

माझ्यापासून भागी सहा पावलांवर होती. मशीनचं बटण दोन पावलांवर होतं. हलणं थांबलं की सरकणं थांबतं, हे मला माहीत. चाळीस वर्षांचं माझं ज्ञान. मी आधी बटणाकडे गेले.

मशीन थांबलं. हलणं थांबलं नाही.

मी धावले तेव्हा ती कमरेपर्यंत होती. तिने सूप बाजूला फरशीवर ठेवलं, नीट, पाखडून झाल्यावर ठेवतात तसं, आणि हात वर केला. मी मनगट धरलं. कुणी तिला खाली ओढत नव्हतं. ओढत असतं तर मी सोडलं नसतं, शंभर किलोचं पोतं मी उचलते. तिला नुसती जागा मिळत होती. थोडी हलायची, थोडी जागा, पुन्हा थोडी. मी त्याच फरशीवर गुडघे टेकून होते आणि माझ्या गुडघ्यांना दगड लागत होता.

"वाळूला सांग," ती म्हणाली. काय सांग, ते तिने सांगितलं नाही.

तिचं मनगट माझ्या मुठीतून निसटलं, मूठभर मोहरी निसटते तसं, कितीही आवळा. तिचं बोट जिथे शेवटचं होतं तिथे क्षणभर फरशी फरशी नव्हती. तिथे फट होती. तिच्या खाली आणखी एक फट, तिच्या खाली आणखी, खोलवर, आणि त्या सगळ्या फटी कशाच्या तरी मधल्या होत्या. गुळगुळीत, गोल कडांचं, एकमेकांना टेकून बसलेलं. डोळा मिटायच्या आत शहाबादी फरशी जागेवर होती. मी तिच्यावर हात आपटला. हात दुखला.

सुपात पोहे होते. अख्खे पुढे, चुरा मागे, मध्ये खडा नाही.

६

पोलीस आले, फरशी बघून गेले. सगळे म्हणाले, गेली असेल भट्टीवर. जुहेबही तेच म्हणाला आणि मशीन काढून रोह्याला घेऊन गेला. एकट्या वाळूला मी खरं सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग त्याने कमरेच्या फडक्यातून मूठभर भात काढला, ती जिथे बसायची त्या जागी ठेवला आणि निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्याच्या बायकोला अडवून ठेवलं होतं. माझ्या दिवाळीसाठी.

मी गिरणी सोडली नाही. लोक विचारतात, भीती नाही वाटत? मी म्हणते, कशाची? नियम मला पाठ आहे. मोठं वर राहतं. पंचक्रोशीत माझ्या वजनाची दुसरी बाई दाखवा. रोज सकाळी मी काट्यावर उभी राहते. ब्याण्णव. गेल्या महिन्यापासून चौऱ्याण्णव. मी चार घास जास्तच खाते. थट्टा वाटेल, पण मी मुद्दाम खाते.

आणि आणखी एक कारण आहे. दुपारी तिच्या जागी फरशीला कान लावला की खालून फट-फट-सर्र ऐकू येतं. खोल, पण लय तीच. मला ती लय दुसऱ्या कुणाची वाटणार नाही. ती काम करतेय, म्हणजे ती आहे. पोतं शिवता शिवता मी तिच्याशी बोलते. चुकलं माझं, म्हणते. आधी तुझ्याकडे यायला हवं होतं, म्हणते. सूप चालू राहतं.

आज सकाळी मशीनच्या जागची फरशी उचललेली दिसली. जुहेबने पाडलेल्या भोकांमधला भाग, चांगला खाटेएवढा, मध्ये फुगून आला आहे. सांधे फाटले आहेत आणि फटीतून आतलं थोडं दिसतं. गोल, काळसर, गुळगुळीत कड. हात लावला तर कोमट लागली. ही फक्त वरची कड. उरलेलं कुठपर्यंत आहे ते फरशीच्या फुगण्यावरून कळतं, आणि फुगणं भिंतीच्या खालून पलीकडे, शिल्पाच्या अंगणात गेलं आहे.

ते चढत नाहीये. मीच शिकवलं आहे. मोठं काही करतच नाही, त्याच्या भोवतीचं बारीक खाली सरकतं.

मोठं म्हणजे किती मोठं, असं भागीने विचारलं होतं आणि मी पोटावर थाप मारली होती.

आत्ता मी पोत्यांच्या थप्पीवर पाय वर घेऊन बसले आहे. दार सात पावलांवर आहे. मघाशी एक पाय खाली सोडून बघितला, फरशी अंगठ्याला मऊ लागली. मी हातात मूठभर पोहे घट्ट धरले आहेत आणि ते बोटांमधून गळत आहेत. थप्पी थोडी थोडी हलते आहे. खालचं सूप मात्र आज जवळून ऐकू येत होतं, अगदी थप्पीच्या खालून. फट-फट-सर्र. फट-फट-सर्र.

आत्ता ते थांबलं.